जुन्या मारुती ८०० ला फ्युएल इंजेक्शन बसवताना या चुका टाळा

कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन इंजेक्शनवर नेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. प्रोग्रॅम करता येणारे ईसीयू (इंजेक्शन चालवणारे छोटे संगणक) मिळतात, जुने सुटे भागही सापडतात. तरी अशा कितीतरी गाड्या महिनोन्महिने झटके खात राहतात. कारण एकच: गाडी मिसिंग करू लागली की आधी लॅपटॉप उघडला जातो आणि फ्युएल मॅपमधले (कधी किती पेट्रोल सोडायचं याच्या तक्त्यातले) आकडे बदलले जातात. दोष मात्र बहुतेक वेळा पाइपात, अर्थिंगमध्ये किंवा सेन्सरच्या जागेत असतो. मॅप बदलून तो झाकला की पुढे काही पत्ताच लागत नाही.

भाग घेताना

जुन्या ८०० चं हेड सहा व्हॉल्व्हचं आहे. त्यावर नंतरच्या बारा व्हॉल्व्हच्या ८०० चा मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणारा नळ) बसत नाही. ओम्नीचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) इंजिन सहा व्हॉल्व्हचं असल्यामुळे शोध तिथून सुरू करावा. तरीही आपल्या हेडची इनटेक गॅस्केट सोबत न्या, मॅनिफोल्डवर ठेवून पोर्ट आणि स्टडची भोकं जुळतात का ते बघा, मगच पैसे द्या.

इंजेक्टर मोठा घेण्याचा मोह टाळा. ४० हॉर्सपॉवरला तीन इंजेक्टर धरले तर प्रत्येकी मिनिटाला साधारण ९० सीसी पुरतात. १०० ते १३० चा घेतला की भरपूर झालं. २४० सीसीचा लावला तर आयडलिंगला त्याला जेमतेम दोन मिलिसेकंद उघडावं लागतं, आणि ईसीयू एका चक्रात दोनदा फवारत असेल तर एकेकच. इतक्या कमी वेळात इंजेक्टर दर वेळी सारखं पेट्रोल सोडत नाही. मग आयडलिंग वर-खाली होतं आणि मॅपमध्ये कितीही खटपट केली तरी सुधारत नाही. इंजेक्टरचा रेझिस्टन्सही मोजा. १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक ईसीयूंना थेट जोडता येतो. २-३ ओहमवाला तसाच जोडला तर ईसीयूमधला इंजेक्टर चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळू शकतो.

पेट्रोलची लाइन

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि आगीचा धोकाही इथेच. कार्ब्युरेटरचा पंप पाव बारच्या आसपास प्रेशर देतो. इंजेक्शनच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत, ३ बार असतं. म्हणून जुना रबरी पाइप आणि पत्र्याच्या पट्टीचे दातेरी क्लॅम्प एकही ठेवू नका. पाइपावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं हवं, आणि क्लॅम्प गोल कडांचे, पाइप न कापणारे. पेट्रोल पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. त्याने जुनं रबर फुगतं आणि टाकीच्या तळाचा गाळ सुटतो, म्हणून टाकी आधी काढून धुवा. इंजेक्शनच्या इलेक्ट्रिक पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी आणि पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर लावा. सुरुवातीला लावलेला फिल्टर लवकर तुंबतो, तो थोड्याच दिवसांत बदला.

कार्ब्युरेटरच्या गाडीच्या टाकीत इंजेक्शन पंपासाठी वेगळी कुंडी नसते. टाकी पाव झाली की वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंदूरजवळच्या भेरूघाटाच्या वळणांवर गाडी अचानक मरते. त्यासाठी लिटरभराची सर्ज टाकी लावा, म्हणजे कायम भरलेली छोटी टाकी, जिच्यातून इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ओढेल. ती भरायला मूळ मेकॅनिकल पंप पुरतो, कारण प्रेशर रेग्युलेटरमधून परत येणारं जादा पेट्रोल (रिटर्न) सर्ज टाकीतच येतं आणि जळलेल्या पेट्रोलाचीच भरपाई करायची असते. सर्ज टाकीच्या वरच्या टोकातून एक पाइप मुख्य टाकीकडे न्यायला विसरू नका, नाहीतर हवा आणि वाफ आत कोंडते. आणि ती रेडिएटर-सायलेन्सरजवळ बसवू नका. तेच पेट्रोल फिरत राहून तापतं आणि इंदूरच्या मे महिन्यात पंप वाफ ओढू लागतो.

इलेक्ट्रिक पंपाला स्वतंत्र रिले आणि फ्यूज हवा. की फिरवल्यावर तो दोन सेकंद चालून थांबला पाहिजे, आणि इंजिन बंद पडलं तर लगेच बंद झाला पाहिजे. थेट इग्निशनवरून दिलेला पंप अपघातातही पेट्रोल ओतत राहतो.

प्रेशर असं तपासा: इंजिन बंद, पंप चालू, रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढलेला. गेजवर ३ बार यायला हवं. ३.५-३.६ आलं तर रिटर्नचा पाइप बारीक आहे किंवा दबलाय. इंजिन चालू करून व्हॅक्यूम पाइप लावला की आयडलिंगला ते २.५ च्या आसपास उतरतं. पंप बंद केल्यावर काटा लगेच शून्यावर आला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर शोधा.

अर्थिंग आणि ट्रिगर

रंगावर घट्ट केलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे. हेडलाइट आणि फॅन चालू ठेवा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ईसीयूच्या अर्थवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर सेन्सरचे आकडे हेडलाइट लावताच सरकतील. सगळ्या सेन्सरचं अर्थ ईसीयूच्या सेन्सर पिनवरच घ्या.

आरपीएमचा सिग्नल (ट्रिगर) कॉइलच्या निगेटिव्हवरून घेणार असाल तर तिथे प्रत्येक ठिणगीला शेकडो व्होल्टचे झटके येतात. मधे ते झटके गाळणारं कंडिशनर सर्किट हवंच. क्रँक सेन्सर लावला तर फटीचं माप सेन्सरच्या सूचनेप्रमाणे ठेवा (साधारण ०.८ ते १ मिमी), वायरीवरचं धातूचं आवरण (शिल्ड) फक्त ईसीयूकडच्या टोकाला अर्थ करा आणि वायर प्लगच्या तारांपासून दूर न्या. लॅपटॉपवर आरपीएम अचानक उसळलेला दिसला तर फ्युएल मॅप बंद करा, दोष इथेच आहे.

हवा आणि सेन्सर

इंजिन सुरू करण्याआधी, की चालू ठेवून मॅप सेन्सर वाचा (हा मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजतो, फ्युएल मॅप वेगळा). इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणून ९४-९५ किलोपास्कल यायला हवं. १०१ दिसलं तर कॅलिब्रेशन चुकलंय. तसंच सकाळी थंड गाडीत पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्याशी दोन-तीन अंशांत जुळायला हवं.

मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरत असेल तर मॅप सेन्सरवरच्या गाडीत लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसत नाही, आयडलिंग वाढतं. कारण प्रेशर वाढलं की ईसीयू पेट्रोलही वाढवतो. आयडल स्क्रू पूर्ण आत असूनही १२०० आरपीएम उतरत नसेल तर थ्रॉटल बॉडीखालची अडॅप्टर प्लेट वाकलीय का ते पट्टी लावून बघा.

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरला बारीक भेग असली तर हवा आत शिरते, सेन्सर लीन दाखवतो आणि ईसीयू पेट्रोल ओतत जातो. लॅपटॉप लीन म्हणतोय आणि प्लग काजळीने काळे, असं दिसलं की प्लगवर विश्वास ठेवा. ई२० वर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा १४.७ हा आकडा पाळू नका, योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. गेज लॅम्ब्डावर ठेवा, त्यात योग्य प्रमाण म्हणजे १.०: आरामात चालताना १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८६-०.८८.

फक्त थ्रॉटलच्या स्थितीवर पेट्रोल ठरवणारा मॅप असेल तर मानपूरचा घाट उतरून महेश्वरला पोचेपर्यंत हवेचा दाब ९९ किलोपास्कलच्या आसपास जातो आणि इंदुरात जुळवलेली गाडी चार-पाच टक्के लीन होते. बॅरोमीटर करेक्शन चालू करा किंवा सरळ मॅप सेन्सरवर जा. इंजिनच बदललं असेल तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या.