डिप्रेशनच्या गोळ्या आणि हृदय: या चुका टाळा

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि भेटायला आलेल्या कुणीतरी सांगितलं, "डिप्रेशनच्या गोळ्यांनी अ‍ॅटॅक येतो." बाबांनी त्याच रात्री सर्ट्रालिन बंद केली, घरात कुणाला न सांगता. चौथ्या दिवशी गरगरू लागलं, डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि भाताचा घास हातात धरून ते रडायला लागले.

गोळी अशी एकदम तोडायची नसते. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. मुळात मनाचा आजार अंगावर काढणंच हृदयाला महाग पडतं. अ‍ॅटॅकनंतर नैराश्य असलेल्यांचा धोका वाढतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये स्पष्टपणे मांडलं. आणि बाबांनी सोडलेली सर्ट्रालिन? अ‍ॅटॅक किंवा अनस्टेबल अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उठणारं, आराम करतानाही येणारं छातीचं दुखणं) झालेल्या 369 रुग्णांवर तिची चाचणी झाली होती. 2002 मध्ये निष्कर्ष आले. हृदयाच्या पंपिंगवर वाईट परिणाम दिसला नाही.

पण सगळ्या गोळ्या एका माळेत ओवू नका. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या गोळ्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, नुकताच अ‍ॅटॅक आलेल्यांना त्या टाळतात. खरी अडचण अशी की अ‍ॅमिट्रिप्टिलिन मायग्रेन आणि नसांच्या दुखण्यावरही देतात. त्यामुळे ती डिप्रेशनचीही गोळी आहे हे घरात कुणाला ठाऊकच नसतं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीचा डोस वाढला की ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबतो, आणि लय बिघडू शकते. म्हणून 60 वर्षांवरच्यांसाठी दिवसाला 20 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. डिप्रेशनचीच व्हेन्लाफॅक्सिन चालू असेल तर बीपी वाढू शकतं, ते मोजत राहा.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यात गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून घेतली तर आणखीच. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आम्ही आता प्रत्येक भेटीला सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून नेतो, मानसोपचाराच्या असोत की बीपीच्या. दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ओततो.

आणि छातीत दाटलं, घाम फुटला, तर "टेन्शन आहे, गोळी घेऊन झोप" असं कुणाला म्हणू नका. 108 लावा.