भिगवणला निघण्याआधी: सूर्य कुठल्या बाजूला, पक्षी कुठल्या बाजूला

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला नावेतून पक्ष्यांची चित्रं काढायला जायचं तर आदल्या संध्याकाळी नावाड्याला फोन लावायचा, ही पहिली गोष्ट. "दादा, फ्लेमिंगो सध्या कुठं बसतायत?" हे सगळेच विचारतात. तिथे फोन ठेवू नका. लगेच दुसरा प्रश्न विचारा: "सकाळी आठला त्यांच्या पूर्वेच्या अंगाला नाव नेता येईल का?" गेल्या हिवाळ्यात हा दुसरा प्रश्न माझ्याकडून राहिला. वेळ बरोबर होती, आकाश स्वच्छ होतं, थवा मोठा होता, पण नाव पश्चिमेकडून गेली. सगळे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चकाकत्या पाण्यावरच्या काळ्या आकृत्या होऊन कॅमेऱ्यात आले. ही यादी लिहिण्याचं कारण तेवढंच. "सकाळचा प्रकाश चांगला" हे सगळ्यांना पाठ असतं. तो पक्ष्याच्या कुठल्या अंगावर पडणार आहे, ते आधी ठरवावं लागतं.

कॅमेरा, बॅटऱ्या, कार्डं, टोपी, जाड जॅकेट, पाणी. यावर जास्त बोलायला नको. लेन्स ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब असेल तर बरं. नावेत ट्रायपॉड आणू नका. जागा अडते, शिवाय यंत्राची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी नावेच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा.

तारीख ठरवताना उजनीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी बघा. सोलापूरची वर्तमानपत्रं ती छापतातच. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर उथळ पाणी आणि चिखल उघडा पडत नाही, आणि रोहितांना चरायला नेमकं तेच लागतं. पाणी सोडलं जातं, काठ मागे सरकतो, तसे ते येऊन उतरतात. म्हणून ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेलं राहतं, त्या वर्षी डिसेंबरात जाऊन हात हलवत परत यायची तयारी ठेवा. साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ भरवशाचा. काठ सरकतो म्हणजे पक्ष्यांची बसायची जागा सरकते, आणि जागा सरकली की प्रकाशाचं गणितही बदलतं. मागच्या वर्षी कुणी सांगितलेली जागा किंवा उपग्रह नकाशात दिसणारा काठ यंदा तिथे असेलच असं नाही. फोन ताज्या माहितीसाठी करायचा तो यामुळे.

आता तास. भिगवणला जानेवारीच्या मध्यावर सूर्य सातच्या पाचेक मिनिटं पुढे-मागे उगवतो. तिथून सुमारे सव्वानऊपर्यंत तुमची सावली तुमच्या उंचीच्या दुपटीहून लांब असते. हा काळ सोन्यासारखा. प्रकाश आडवा येतो, पक्ष्याच्या डोळ्यात चमक येते, पोटाखाली काळी सावली साचत नाही. सावली उंचीएवढी झाली की समजा उतार लागला. जानेवारीत ते व्हायला अकरा वाजून जातात. हेच एप्रिलच्या मध्यावर बघा. सूर्य सव्वासहाच्या सुमारास वर येतो, सावली सव्वाआठच्या आतच दुपटीखाली उतरते आणि साडेनऊला उंचीएवढी होते. मे महिन्यात तर याच अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. त्यामुळे "सकाळी दहापर्यंत चालतं" असं कुणी महिना न सांगता म्हणालं तर ऐकू नका. घड्याळ बाजूला ठेवा आणि नावेत बसल्या बसल्या स्वतःच्या सावलीकडे बघत राहा.

सावलीची लांबी वेळ सांगते, तर तिची दिशा बाजू सांगते. तुमची सावली पक्ष्याच्या दिशेने पडत असेल तर तुम्ही योग्य जागी आहात. ती तुमच्या अंगावरून मागे पडत असेल, म्हणजे सूर्य समोर असेल, तर कॅमेरा खाली ठेवा आणि नाव वळवायला सांगा. आणखी एक बारीक गोष्ट: हिवाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि नऊ वाजेपर्यंत चांगलाच आग्नेयेला आलेला असतो. म्हणून जानेवारीत "पूर्वेच्या अंगाला" म्हणजे खरं तर आग्नेयेच्या अंगाला. मार्च अखेरीस तो जवळपास सरळ पूर्वेला उगवतो. सूर्याची दिशा दाखवणारं एखादं ॲप फोनवर असेल तर रात्रीच नकाशावर रेघ ओढून बघा. ॲप नसेल तर फोनमधलं होकायंत्र पुरतं.

नावाड्यांचा यात काही दोष नाही. येणाऱ्या बहुतेकांना पक्षी फक्त जवळून बघायचा असतो, त्यामुळे नाव सरळ थव्याकडे न्यायची सवय त्यांच्या हातात बसलेली असते. लांबून वळसा घालायला वेळ लागतो आणि डिझेल जळतं. ते मान्य करा, वरचे पैसे आधीच बोलून घ्या, आणि निघतानाच काठावर उभं राहून हाताने दाखवा: सूर्य इथून येणार, पक्षी तिथे, आपल्याला या बाजूने जायचंय. मधल्या पाण्यात गेल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो. थव्याजवळून वळसा घातला की पक्षी उठतात आणि त्या जागेची सकाळ संपते. तर फोनवर एकदा, काठावर एकदा, आणि यंत्र बंद करण्याआधी एकदा: सूर्य पाठीशी आहे ना?

पुण्याहून निघत असाल तर शंभर-एक किलोमीटर अंतर आहे, पण घाई करू नका. ऊस गाळपाच्या दिवसांत सोलापूर रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारात अचानक समोर येतात. साडेचारला घर सोडा, म्हणजे वेगाने जावं लागणार नाही. पहिल्या किरणाला तुम्ही नावेत हवे, काठावरच्या चहाच्या टपरीवर नव्हे. चहा नंतर. जेवणाची मासळी थाळी मात्र निघतानाच सांगून ठेवा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. दहा नावा एकाच थव्याभोवती असल्या की वळसा घ्यायला जागाच उरत नाही.

वाऱ्याकडे फार कमी लोक बघतात आणि मला त्याचं नवल वाटतं. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उठतो आणि तसाच उतरतो. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उतरणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून येणार. वारा समोरून असेल तर त्याची शेपटीच मिळणार. हिवाळ्याच्या सकाळी वारा पुष्कळदा पूर्व-ईशान्येकडून असतो. म्हणजे तुम्ही पूर्वेच्या अंगाला असाल तर सूर्यही पाठीशी आणि वाराही पाठीशी, एकाच वळशात दोन्ही साधतात. पश्चिमेच्या अंगाला असाल तर दोन्ही तुमच्या विरुद्ध. मार्चनंतर दुपारचा वारा पश्चिमेचा होऊ लागतो, तेव्हा संध्याकाळी पश्चिमेकडे थांबा. निघण्याआधी काठावरच्या गवताची पाती बघा, दोन क्षणांचं काम आहे.

धुकं असेल तर नाराज होऊ नका. डिसेंबर-जानेवारीत जलाशयावर ते उतरतं आणि आठ-साडेआठपर्यंत टिकू शकतं. दाट धुक्यात प्रकाश सगळीकडून येतो, बाजूचा नियम थोडा सैल होतो, आणि चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क) किंवा मासेमाराच्या नावेची फिकट चित्रं फार सुंदर येतात. कॅमेरा पांढऱ्या धुक्याला करडं समजून चित्र अंधारं करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). धुकं विरळ व्हायला लागलं की पुन्हा सावली शोधा. सावली दिसली की नियम परत लागू.

एक्स्पोजरचं उलटं गणित रोहितांसाठी. पंख मिटलेला रोहित पांढराच असतो, थोडी गुलाबी झाक. मागे गडद पाणी असेल तर कॅमेरा पाण्याकडे बघून प्रकाश वाढवतो आणि पक्ष्याचा पांढरा भाग जळून जातो. तिथे पाऊण ते एक स्टॉप कमी करा. तोच पक्षी उडून फिकट आकाशासमोर गेला की वाढवा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पिसांचा पोत गेला, तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. खरा लाल आणि काळा रंग पंख उघडल्यावरच दिसतो, त्या क्षणासाठी शटर १/२००० ठेवा. उभ्या पक्ष्याला १/८०० पुरतं, नाव हलत असते म्हणून त्याखाली जाऊ नका. कोवळ्या उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) ८००-१६०० झाला तर होऊ द्या. थोडे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

उघडलेल्या पंखांचं चित्र हवं म्हणून थवा उडवू नका. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. रोहित चिखलातलं बारीक खाद्य गाळून खातात, त्याला तासन्‌तास लागतात, आणि दर वेळी उठवलं की ते तास आणि ताकद दोन्ही जातात. सगळ्यांच्या माना एकदम वर आल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. यंत्र बंद, नाव बांबूने हळूच मागे. पूर्वेच्या अंगाला स्थिर थांबा. चरता चरता ते पंख ताणतात, आपसात भांडतात, एखाददुसरा आपणहून उडतो. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) तर त्याहून बुजरे. रात्री-पहाटे शेतात चरून ते सकाळी काठावर विसाव्याला येतात, आणि त्यांच्याकडे रोखून नाव नेली की गेलेच. कुरव पक्ष्यांना (सीगल) शेव-फरसाण टाकून जवळ बोलावणाऱ्या नावेत बसू नका. नावाडी टाकायला लागला तर नको म्हणा.

नावेत खाली बसा, उभं राहू नका. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितकी मागची पार्श्वभूमी लांब आणि मऊ. उभं राहिलं की मागे नुसतं पाणी येतं आणि नावही डोलते. चौघे असाल तर सगळे एकाच काठाला बसणार नाहीत, हे खरं. म्हणून ज्या बाजूला पक्षी असतील ती बाजू कुणाची हे आधी ठरवा. आणि ती बाजू पक्ष्यांकडे असताना सूर्य दुसऱ्या बाजूला, तुमच्या पाठीमागे, असायला हवा. हो, पुन्हा तेच. आखडून बसलेल्या नावेत समोरून ऊन आलं की काहीच करता येत नाही.

साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते. लांबून काढलेलं चित्र मग किमती लेन्सनेसुद्धा मऊच येतं, फोकस बिघडला म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तेव्हा परत फिरा. काठाजवळचे लांब पायांचे शेकाटे, खंड्या, खाली झुकणारे नदी सुरय (रिव्हर टर्न) एवढेच घ्या. सुरयाच्या पोटावर पाण्याचा उजेड खालून पडतो, म्हणून चढत्या उन्हातही तो बरा येतो. नंतर जेवा, झोपा, संध्याकाळच्या बाजूचा विचार करा.

संध्याकाळी दोन पर्याय. पुन्हा नाव घेतली तर चारनंतर, आणि आता सगळं उलट: पक्ष्यांच्या पश्चिमेला, जानेवारीत नैर्ऋत्येला. सकाळची जागा संध्याकाळी चुकीची असते. नावाडी सवयीने तिथेच नेईल, म्हणून पुन्हा सांगा.

दुसरा पर्याय इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं माळरान. चिंकारा आणि नशीब असेल तर लांडगा. वन विभागाकडे नोंदणी करूनच जा, ठरलेली वाट सोडू नका. इथे मात्र समोरचा सूर्य मुद्दाम घेता येतो. वाळलेलं गवत, चिंकाऱ्याच्या कानांच्या कडा, मेंढरांच्या पायांनी उठलेली धूळ हे सगळं मावळतीला पेटून उठतं. पण आधी पाठीशी सूर्य ठेवून चार सरळ चित्रं घ्या, मग समोर वळा, एक्स्पोजर कमी करा, आणि मागे गडद झाडी येईल अशी जागा धरा. मागे नुसतं आकाश असेल तर कड उजळत नाही. गाडीत यंत्र बंद, बोलणं बंद. धनगरांच्या कुत्र्यांपासून लांब राहा.

अंधार पडायच्या आत माळावरून बाहेर. लेन्सवरची धूळ फुंकरू नका, ब्लोअरने काढा. कार्डावरची चित्रं घरी पोचेपर्यंत पुसू नका. परतीचा रस्ता तोच, उसाच्या ट्रॉल्या त्याच, आणि अंगात सकाळपासूनचा थकवा. गाडी चालवणाऱ्याशेजारी बसलेल्याने झोपू नये, बोलत राहावं.