हर्नियाच्या केसनंतर रेसिडेंटला काय सांगाल?

ओटीतून बाहेर पडताना रेसिडेंटने (सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरने) ‘मॅडम, कसं झालं?’ विचारलं आणि तुम्ही ‘ठीक होतं, हात बसेल हळूहळू’ म्हणून पुढे निघालात, तर तिच्या पदरात काहीच पडत नाही.

सुरुवात स्क्रब करतानाच करा. नळाखाली हात असताना विचारा, ‘आज कशावर लक्ष ठेवू?’ एकच गोष्ट ठरवा. समजा, इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाला मेश, म्हणजे जाळी, टाकायची आहे आणि सेकंड इयरची मुलगी म्हणाली, ‘पहिला टाका.’ मग त्या टाक्याला नजर हलवू नका. मेश प्यूबिक ट्युबरकलच्या (जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या) पलीकडे दीड-दोन सेंटीमीटर गेली का? कमी पडली, तर हर्निया नेमका तिथूनच परत येतो. सुई हाडावरच्या जाड टिश्यूत गेली, की थेट पेरिऑस्टियममध्ये, म्हणजे हाडाच्या आवरणात? तिथे टाका बसला तर पेशंटला पुढे महिनोन्‌महिने दुखू शकतं. ‘नीट घे गं’ म्हणून तिला काही कळत नाही. ‘सुई जरा वरून घे, पेरिऑस्टियम सोड’ म्हटलं की हात लगेच बदलतो.

स्पायनलमध्ये (पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केल्यावर) पेशंट बहुतेक वेळा जागा असतो, हे आपण फार सहज विसरतो. ‘काय करतेस हे!’ टेबलावरच्या माणसालाही ऐकू जातं. धोका दिसला तर तिचा हात थांबवा, ‘थांब, नर्व्ह आहे’ एवढंच बोला, बाकीचं नंतर. ओरडल्याशिवाय सर्जन घडत नाही, असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. ओरडा खाल्लेली मुलं पुढच्या केसला शंका विचारत नाहीत, आणि ते पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

ड्रेसिंग झालं, ऑपरेशन नोट्स लिहायला बसलात, की आधी तिला बोलू द्या. ‘कुठे अडलीस?’ बऱ्याचदा तिला स्वतःलाच माहीत असतं. मग एक जमलेलं, एक सुधारायचं, दोन्ही नेमकं सांगा. किती काम तिने स्वतः केलं, तेही स्पष्ट सांगा. त्यासाठी झ्विश स्केल, म्हणजे रेसिडेंटने किती काम स्वतः केलं ते मोजायची पट्टी, तिच्या चार पायऱ्या सोप्या आहेत: तुम्ही करून दाखवलंत, मुख्य सूत्रं तुमच्याकडे ठेवून तिच्याकडून करून घेतलंत, ती पुढे आणि तुम्ही असिस्टंट, किंवा तुम्ही फक्त लक्ष ठेवून होतात. आजची पायरी लॉगबुकात लिहून घ्या.

पुढच्या हर्नियाला पहिला टाका तिलाच द्या. लिस्ट लांबली असली तरी.