धुरक्याचे दिवस आले, आधी झाडाचं आळं मोकळं करा

पाऊस गेला की मुंबईची हवा कोंडते. थंडीत वारा पडतो, पहाटेचं धुरकं खालीच बसून राहतं, आणि पानांवरची धूळ धुणारा पाऊस थेट जूनमध्ये. तरी मी झाडं गेलेली पाहिली ती जास्त करून बुडाशी. आळ्यात राबिट, म्हणजे बांधकामाचा सिमेंट-विटांचा कचरा, आणि वर पेव्हर ब्लॉक. हे काम याच आठवड्यात करा.

गेल्या थंडीत चेंबूरच्या एका सोसायटीत रायवळ आंब्याचं बूड उकरलं. वीतभर सिमेंटच्या खपल्या निघाल्या. खाली पांढरी मुळी एकही नाही, होती ती तंबाखूच्या काडीसारखी कोरडी. पानावरून ओला फडका फिरवला तर तो काळा झाला.

धुळीने पानाची रंध्रं बुजतात, पान तापतं. जमिनीतलं शिसं, कॅडमियम मुळी खुंटवतं, पाणी वर चढत नाही. झाड उरलीसुरली रंध्रंही मिटून घेतं, मग अन्न तयार होणार कुठून? पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, मातीच्या वरच्या थरातलं अजून तिथेच आहे. म्हणून रस्त्याकडेच्या आळ्यात माठ, पालक लावू नका. तिथला पाचोळाही आळ्यात परत घालू नका, जाळूही नका.

बुंध्याभोवती किमान १ मीटर मोकळं ठेवा. कुदळ नको, खुरपीनेच राबिट काढा. वर कुजलेलं शेणखत घाला, बुंध्याला टेकवू नका.

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, की दुकानदार चिलेटेड लोहाच्या खताचा महागडा डबा पुढे करतो. घेऊ नका. राबिटातल्या चुन्याने मातीचा सामू (pH) चढतो, लोह अडकतं, झाडाला मिळत नाही. आधी राबिट काढा. तरीही पिवळेपणा राहिला तर १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सकाळी कोवळ्या पानांवर फवारा.

बाकी कामं:
- पानं धुणं: पंधरवड्यातून एकदा, मोहोर सोडून
- पाणी: नाल्याचं अजिबात नको
- छाटणी: पालिकेची परवानगी घेऊन

माझा अंदाज सांगतो, पुस्तकात नाही: पानगळ रस्त्याच्या अंगाने सुरू झाली तर हवेचा मार, शेंड्याकडून चहूबाजूंनी सुरू झाली तर मुळी गेली. मुळी गेलेल्या झाडाला थांबायला वेळ नसतो.

पेव्हर ब्लॉकवाला ठेकेदार येईल त्या दिवशी माळीदादांना घेऊन तिथे उभे राहा, आणि विटेच्या तुकड्याने १ मीटरची रेघ स्वतः मारून द्या.