जुन्या कॉलेजच्या आवारात माळीकाम शिकायला जाताय?

फुलझाडांची आवड आहे म्हणून माळीकाम शिकायचंय, असं सांगणारी मुलंमुली मला हल्ली बरीच भेटतात. आवड असलेली चांगलीच. पण दक्षिण मुंबईतल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या आवारात शिकाऊ माळी म्हणून जाणार असाल, तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तिथे बाग नव्याने करायची नसते, असलेली टिकवायची असते. कुणीतरी पूर्वी लावून गेलेलं झाड आपल्या पाळीत मरू द्यायचं नाही, हे त्या कामाचं मूळ. गुलाबाचे ताटवे आणि हंगामी फुलं असतात, पण ती वरवरची. मी फोर्टातल्या अशाच एका आवारात शिकले आणि आज तिथेच काम करते.

आधी शिरायचं कसं ते सांगते. आयटीआयमध्ये ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ नावाचा ट्रेड आहे. कृषी विद्यापीठंही माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवतात. यातलं काहीच केलं नसेल तरी थेट शिकाऊ उमेदवार म्हणून जाता येतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली करार होतो आणि त्याची नोंद केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे महिन्याला पाच ते नऊ हजारांपर्यंत किमान विद्यावेतन ठरवलं. सही करायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या. या पैशात मुंबईत खोली घेऊन राहणं जमत नाही. घर किंवा नातेवाईक लोकलच्या टप्प्यात असतील तरच हिशेब बसतो.

बहुतेक आवारांतलं माळीकाम ठेकेदारामार्फत चालतं. म्हणून करारावर सही कुणाची, विद्यावेतन कुठल्या तारखेला, बँकेत की हातात, हे पहिल्याच भेटीत विचारा. संकोच करू नका. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही, त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड वगैरे मिळत नाही. पण कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. आमच्या वेळच्या ठेकेदाराकडून विद्यावेतन वेळेवर येत नसे. करार पोर्टलवर नोंदलेला होता म्हणून निदान दाद मागायला जागा होती. माझ्याबरोबरच्या एका मुलाचं सगळं तोंडी होतं, त्याला काहीच करता आलं नाही.

काम सकाळी सातला सुरू होतं. पहिले काही महिने झाडलोट, खुरपणी आणि पाणी. नवी मुलं इथेच कंटाळतात आणि सोडून जातात. मला विचाराल तर माळीकामातलं सगळ्यात अवघड काम पाणी घालणं हेच आहे. पाईप कुणीही धरतो. पाणी कुठे, किती आणि केव्हा, हे कळायला मात्र वर्ष जातं. जुन्या झाडाच्या बुंध्यात पाणी ओतायची खोड सगळीकडे दिसते. पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. आळं करायचं ते तिथे, बुंध्यापासून लांब. बुंध्याशी सतत ओल राहिली तर साल कुजते आणि तिथूनच बुरशी आत शिरते.

शिवाय आपली माती बरीचशी भरावाची. वरची वीतभर काळी-लाल माती सोडली की खाली डबर, विटांचे तुकडे, कुठे कुठे जुना चुना लागतो. अशा जमिनीत पाणी एकतर झरकन निघून जातं नाहीतर एकाच जागी थांबून राहतं. बॅकबेचा, म्हणजे मरीन ड्राइव्हकडचा, भराव पडण्याआधी ओव्हल मैदानाच्या पलीकडे समुद्रच होता, त्यामुळे त्या बाजूच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ निघालं तर नवल वाटायला नको. पानांच्या कडा करपायला लागल्या की खत कमी पडलं असं समजून पोतं फोडू नका. आधी पाणी जिभेवर घेऊन बघा.

पेव्हर ब्लॉकचं दुखणं तर प्रत्येक आवारात आहे. रस्ता नीटनेटका दिसावा म्हणून ब्लॉक थेट खोडाला भिडवतात. झाडाला ना हवा, ना पाणी. निदान मीटरभर घेर मोकळा असलाच पाहिजे. ब्लॉक काढून घेणं माळ्याच्या हातात नसतं, पण कार्यालयाला लेखी कळवणं असतं. आमचे मुकादम जुन्नरकडचे, शाळेत फार न गेलेले, तरी अशी प्रत्येक गोष्ट माझ्याकडून अर्जात लिहून घ्यायचे आणि पोच मागायचे. ती सवय मी उचलली, तुम्हीही उचला.

मुकादमांची आणखी एक रीत सांगते, कारण ती कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पावसाआधी ते प्रत्येक मोठ्या झाडाला फेरी घालायचे. कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोकत ठोकत गोल फिरायचं, जमिनीपासून छातीपर्यंत. भरीव खोडाचा आवाज घट्ट आणि बोदा येतो. आत पोकळी असेल तर आवाज घुमतो, आणि एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. मग खाली बसून बुंधा आणि जमीन मिळते तिथली माती हाताने बाजूला करायची. सोनमोहराच्या किंवा गुलमोहराच्या बुंध्याशी तपकिरी, कडेला पांढरट, लाकडासारखं टणक छत्र उगवलेलं दिसलं, की ती गॅनोडर्मा बुरशी. तोवर आतली मुळं बहुधा बरीच कुजलेली असतात, वर पालवी कितीही हिरवीगार असो. जुलैच्या वादळी पावसात असंच झाड मुळासकट आडवं होतं. खाली पोरं उभी असतात, दुचाक्या लावलेल्या असतात. अशा झाडाला दोरी बांधून रस्ता बंद करायचा आणि त्याच दिवशी वर कळवायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

विलायती शिरिषाकडे, म्हणजे रेन ट्रीकडे, वेगळं लक्ष द्यावं लागतं. गेल्या दशकात मुंबईतली कितीतरी शिरिषाची झाडं पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने वाळून गेली, रस्तेच्या रस्ते बोडके झाले. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर आणि खोडावरून मुंग्यांची रांग अशी जोडी दिसली की समजायचं. कीड अजून एकदोन फांद्यांवर असताना दिसली तर झाड वाचण्याची आशा असते. म्हणून सकाळी आल्यावर कामाला लागण्याआधी मान वर करून एक फेरी मारा.

आता दगडाबद्दल. जुन्या आवारात इमारतसुद्धा माळ्याच्या कामात येते, हे मला माहीत नव्हतं. राजाबाई टॉवर १८७८ चा, चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची इमारत १८८९ ची. अशा दगडी इमारतींच्या सांध्यांत, पन्हाळींत, सज्ज्यांच्या कोपऱ्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबर रुजतात. पहिल्या पावसानंतर दोन-चार पानांचं रोप दिसतं, तेव्हा ते बोटाच्या चिमटीत धरून मुळासकट निघतं. हाच आपला मोका. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळी पेन्सिलीएवढी झाली की ओढून उपयोग नाही. वरचं तुटतं, आतलं राहतं, दुप्पट जोमाने फुटतं आणि दगड सरकवतं. मग ते काम माळ्याचं राहत नाही. त्यावर ॲसिड ओतायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका, दगड आणि चुना दोन्ही खातं ते. जागा टिपून ठेवा, फोटो काढा आणि इमारतीची देखभाल बघणाऱ्या वास्तुविशारदापर्यंत पोचवा. वेली भिंतीवर चढवायच्या नाहीत, जोत्याला लागून वाफे करायचे नाहीत, स्प्रिंकलरचं पाणी दगडावर उडू द्यायचं नाही. ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हापासून या गोष्टींकडे जरा जास्त बघितलं जातं. पण यादीत नसलेल्या इमारतीचा दगडही तसाच फुटतो.

छाटणीचं. झाडावर चढायची घाई असते सगळ्यांना. थांबा. मुंबईत खासगी आवारातली फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. राज्याचा वृक्षसंवर्धनाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण दिलं, आणि जुन्या कॉलेजात बहुतेक मोठी झाडं त्यातच बसतात. प्राचार्यांनी तोंडी सांगितलं तरी कागद हातात आल्याशिवाय करवत लावू नका. झाडावर पक्ष्यांची घरटी आहेत का, तेही आधी बघा.

जड फांदी कापायची ती तीन कापांत. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खोल. दुसरा वरून, पहिल्याच्या जरा बाहेर. फांदी मोडून पडते, पण साल खोडापर्यंत सोलवटत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो शाबूत ठेवून. त्या कंगोऱ्यातूनच झाड जखम भरून काढतं. खोडाला सपाट कापलं तर दिसायला सफाईदार, पण भरायला वर्षानुवर्षं लागतात. आमच्याकडे कापावर वरून बोर्डो पेस्ट हा बुरशी रोखणारा लेप लावायची पद्धत आहे: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं कालवायचं आणि मग एकत्र करायचं, लोखंडी भांड्यात नाही. पेस्टचा उपयोग होतो की नाही यावर जाणकारांत वाद आहे. काप बरोबर असेल तर निम्मं काम झालंच, असं माझं मत.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. तुम्हाला बहुतेक ठिकाणी खुरपणी आणि कुंड्या देतील. शिडी, करवत, गवत कापायचं मशीन मुलांकडे जाईल. वाईट हेतूने नाही, रीतच तशी पडली आहे. मागा. पुन्हा मागा. मला मुकादमांनी आधी खाली उभं करून दोर धरायला शिकवलं, मग गाठी, मग शिडी. दोर धरणारा माणूस चुकला तर वरचा जातो, त्यामुळे ते काम कमी प्रतीचं समजू नका. कपडे बदलायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे रुजू व्हायच्या आधी बघून या.

पावसाळ्यात गमबूट आणि हातमोजे हवेतच. हातापायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. मुंबईत लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, दरवर्षी माणसं नेतो. उतरावं लागलंच आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. कुंड्यांखालच्या थाळ्या, टाकलेल्या बादल्या रिकाम्या करत राहा, डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस येते.

डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांचे महोत्सव असतात आणि हिरवळीवर मांडव पडतो. ताडपत्रीखाली चार दिवस राहिलेलं गवत पिवळं पडतं, खुर्च्यांनी जमीन घट्ट होते. यावर भांडण्यापेक्षा मांडववाल्याशी आधीच बोलून खांबांच्या जागा झाडांच्या मुळांपासून लांब धरून घ्या. खिळे आणि लायटिंगच्या तारा खोडावर नकोत, एवढ्यावर मात्र अडून बसा. गवत पुन्हा येतं.

झाडांची नावं रोज एकदोन करून शिका. खोड, साल, पान, शेंग हातात घेऊन. सोनमोहर आणि गुलमोहर पानं गळल्यावर शेंगेवरून ओळखता आले पाहिजेत, कैलासपती फुलं नसतानाही. रविवारी भायखळ्याला राणीबागेत जा. १८६२ पासूनची बाग आहे आणि इतकी जुनी, इतक्या जातींची झाडं मुंबईत दुसरीकडे एकत्र बघायला मिळणार नाहीत. तिथे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तेही चुकवू नका. सेंट झेविअर्समध्ये १९०६ साली सुरू झालेला ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे वाळवून जपलेले वनस्पतींचे लाखो नमुने आहेत. मुंबईतल्या माळ्याला या संग्रहाची माहिती असायलाच हवी.

रुजू व्हायचा महिना निवडता येत असेल तर मे निवडा. ऊन जीव काढतं, पण बहावा आणि ताम्हण फुललेले असतात, कोरड्या जमिनीत कुठलं झाड तहानलेलं आहे ते उघड दिसतं, पावसाआधीच्या छाटण्या चाललेल्या असतात आणि मुकादम ठोकून बघायच्या फेऱ्या मारत असतात. जूनमध्ये येणाऱ्याला ही फेरी बघायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. येताना स्वतःची कात्री आणि खुरपं आणा, ठेकेदाराची अवजारं बोथट असतात. आणि पहिल्याच दिवशी मुकादमांना पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह कुठे आहेत ते दाखवायला सांगा.