मागच्या हद्दीजवळ चुलीची शेड बांधायची असेल तर

घरात गॅस आहे, पण मांडे गॅसवर होत नाहीत. खापराखाली मोकळा जाळ लागतो. भरताची वांगीही काड्यांवरच भाजायची. म्हणून अमळनेरच्या घरामागे मला आठ बाय दहा फुटांची पत्र्याची शेड हवी होती आणि जागा उरली होती ती मागच्या कंपाउंडच्या कोपऱ्यातच. माझ्या मावसबहिणीने अशीच शेड आधी बांधली, मग नोटीस आली आणि तिला पत्रे स्वतःच उतरवावे लागले. तिची तगमग मी पाहिली होती, त्यामुळे मी आधी परवानगीचे कागद केले.

सुरुवात हद्दीपासून करा. कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द, असं धरून चालू नका. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. त्यात भिंती कलतात, हद्दीचे दगड सरकतात. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या, तो ऑनलाइनही भरता येतो. भूकरमापक येण्याआधी शेजाऱ्यांना नोटीस जाते. त्या दिवशी घरीच थांबा, खुणा डोळ्यांसमोर रोवून घ्या, फोटो काढा आणि नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या. आमची भिंत हद्दीच्या सव्वा फूट आत निघाली. पलीकडे शेजाऱ्यांच्या कर्दळी फुललेल्या होत्या, त्यांना मी हात लावला नाही. पण अंतर भिंतीपासून नाही, हद्दीपासून मोजतात, म्हणून तो सव्वा फूट मला फार उपयोगी पडला.

आता घराचा मंजूर नकाशा काढा. त्यात चारही बाजूंची सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, लिहिलेली असतात. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर डिसेंबर 2020 पासूनची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली चालते. प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवरून अंतर ठरतं. त्या मोकळ्या जागेत विहीर किंवा झाडाभोवतीचा पार चालतो, छप्पर घातलेली शेड मात्र बांधकामात धरतात. माझ्या नकाशात मागे दीड मीटर होतं. मला कसंबसं पाऊण मीटरच सुटत होतं.

इथे शिथिलतेचा अर्ज येतो. नियमावलीत तशी तरतूद आहे: स्पष्ट दाखवता येईल अशी अडचण असेल तर नगरपरिषद किंवा महापालिका एखादं माप कमी करू शकते. मात्र आरोग्य, आगीपासूनची सुरक्षितता, बांधकामाची मजबुती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. रस्त्याकडचं अंतर, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) आणि पार्किंग यांत एरवी सूट नाही, त्यात वेळ घालवू नका. सवलतीसाठी शुल्क भरावं लागू शकतं, ते आधीच विचारून ठेवा.

सगळा अर्ज ‘अडचण’ या एका शब्दावर उभा राहतो. “घर लहान आहे, मांडे करायचे असतात” ही आपली गरज झाली. अडचण जागेची असावी लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात गरजच होती. परवानाधारक अभियंत्याने तो बाजूला ठेवून विचारलं, “ताई, शेड पुढे का सरकत नाही?” कारण पुढे जुना आड आहे आणि त्याच्या बाजूला सेप्टिक टँक. मग आम्ही नकाशावर दोन्ही मापांसह दाखवलं, फोटो जोडले आणि लिहिलं, “आड व सेप्टिक टँकमुळे शेड पुढे घेणे शक्य नाही. मागील हद्दीपासून सुमारे ०.७५ मीटर अंतर ठेवून बांधण्यास शिथिलता मिळावी.” तेवढंच मागा जेवढं लागतं. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, ‘क’ प्रत, जुना मंजूर नकाशा आणि घरपट्टीची पावती सोबत लावा.

अर्ज देण्याआधी शेजारी जा. मी नकाशा घेऊन गेले. भाऊंनी सरळ सांगितलं, “ताई, चूल पेटनी का आमना घरमा धूर येस.” खरं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा आणि त्यांचं घर पूर्वेला. म्हणून धुराडं त्यांच्या गच्चीच्या कठड्यापेक्षा उंच घेतलं, पत्र्याचा उतार आमच्या बाजूला करून पन्हळ लावली आणि कपाशीच्या काड्या हद्दीजवळ रचायच्या नाहीत असं ठरवलं. हे सगळं नकाशात घातलं. शेजाऱ्याच्या संमतीपत्राने नियम बदलत नाही, पण हरकत येण्याआधीच सुटते. त्यांची जुनी खिडकी झाकली जात नाही ना, हेही बघा. 20 वर्षं सलग मिळालेल्या उजेड-वाऱ्यावर 1882 च्या सुखाधिकार कायद्याने हक्क तयार होतो.

नकार आला तर तो लेखी घ्या. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 47 खाली 40 दिवसांत अपील करता येतं. परवानगी मिळाली तर ती एक वर्षाची असते, मुदतवाढ वेळेत मागा. आणि जोतं झाल्यावर वर काम चढवण्याआधी मापं तपासून घ्या. आमच्या गवंड्याने दोरी भिंतीपासून धरली होती. हद्दीच्या खुणेपासून पुन्हा धरायला लावली, तेव्हाच सिमेंट कालवू दिलं. श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट त्याच शेडमध्ये भाजले आणि पहिलं ताट कर्दळींच्या बाजूने भाऊंकडे दिलं.