अमेरिकन सिटिझनशिपच्या सिव्हिक्सची तयारी, आपल्या नागपुरी आईबाबांसाठी

आपल्या इकडचे बरेच आईबाबा ग्रीनकार्डवर पोरांकडे राहून राहिले, त्यांना नागरिकत्वासाठीच्या या सिव्हिक्स टेस्टचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकार न् इतिहासावरच्या तोंडी परीक्षेचं, उगाच टेन्शन येतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज भरला असेल तर १२८ प्रश्नांची यादी असते, त्यातले २० पर्यंत तोंडी विचारतात न् १२ बरोबर आले की झालं. वय ६५ किंवा जास्त आणि ग्रीनकार्डला २० वर्षं झाली असतील तर फक्त २० प्रश्नांचीच यादी, १० विचारतात, ६ पाहिजेत, आणि उत्तरं मराठीत दुभाष्यामार्फत देता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!

खरी गडबड काँग्रेसमध्ये होते. इथे डोक्यात काँग्रेस म्हणजे पक्ष, तिथे काँग्रेस म्हणजे संसद. हिवाळी अधिवेशनात आपल्या विधानभवनात विधानसभा न् विधानपरिषद बसते ना, तशीच तिथे दोन सभागृहं. सिनेटमध्ये १००, राज्य छोटं असो की मोठं प्रत्येकी दोनच, टर्म ६ वर्षं. हाऊस म्हणजे खालच्या सभागृहात ४३५, लोकसंख्येप्रमाणे, टर्म फक्त २ वर्षं. पंतप्रधान नावाचा प्रकारच नाही, सरकार राष्ट्राध्यक्षच चालवतो, सैन्याचा प्रमुखही तोच.

संविधान १७८७ चं, दुरुस्त्या २७, पहिल्या दहा म्हणजे बिल ऑफ राइट्स, लोकांच्या हक्कांची यादी. एवढं पाठच करा.

गव्हर्नर, सिनेटर यांची नावं मात्र इंटरव्ह्यूच्या आठवड्यात परत चेक करा, निवडणूक झाली की बदलतात. रोज फोनवर तुम्ही प्रश्न विचारा, त्यांना मोठ्याने उत्तर द्यायला लावा. नापास झाले तरी ६० ते ९० दिवसांत परत बोलावतात, वेगळी फी नाही.